आधी टाकीचे झाकण शोधा

प्रति,
माननीय नगराध्यक्ष,
राज्यातील लहान नगरपरिषदा आणि नगरपंचायती

विषय : गावातील संडासांच्या टाक्या मुदतीने उपसण्याबाबत

महोदय / महोदया,

ज्याच्या जाहीरनाम्यात ‘भुयारी गटार योजना’ नव्हती असा नगराध्यक्ष महाराष्ट्रात शोधूनही सापडायचा नाही. रस्ते, पाणी, दिवाबत्ती आणि त्यापाठोपाठ भुयारी गटार, हा क्रम ठरलेलाच. निवडून आल्यावर सल्लागार येतात, नकाशे पसरले जातात, सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर, तयार होतो आणि मंत्रालयाच्या फेऱ्या सुरू होतात. मंजुरीचा कागद हाती आला की चौकात फलक लागतो. त्या फलकाच्या अलीकडे एक काम आहे. त्याला कुणी नारळ फोडत नाही, त्याची फीत कुणी कापत नाही आणि त्याचा फोटो दिवाळी अंकाच्या जाहिरातीत छापण्याजोगा नसतो. हे पत्र त्या कामासाठी आहे.

वीस ते चाळीस हजार वस्तीच्या गावात मैल्याचे काय होते, हे बांधकाम विभागातला कुणीही सांगेल. घराघरात संडास आहे आणि संडासाखाली टाकी आहे. २०१७ मध्ये राज्याचा शहरी भाग हागणदारीमुक्त जाहीर झाला, तो या टाक्यांच्या जोरावर. टाकीतून बाहेर पडणारे पाणी कुठे शोषखड्ड्यात जाते, तर बहुतेक ठिकाणी सरळ दारासमोरच्या गटारात. न्हाणीघराचे आणि मोरीचे पाणी त्याच गटाराला मिळते. गटार नाल्याला, नाला ओढ्याला आणि ओढा नदीला. नदीवर खालच्या अंगाला दुसऱ्या गावाची जॅकवेल असते.

टाकी हे काही शुद्धीकरण केंद्र नव्हे. जड मैला तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधले पाणी पुढे सरकते. टाकी नीट बांधलेली असेल आणि वेळेवर उपसली जात असेल, तर पाण्यातली घाण फार तर निम्म्याने कमी होते. रोगजंतू मात्र बरेचसे तसेच बाहेर पडतात. तळाचा गाळ वाढत गेला की पाण्याला थांबायला जागा उरत नाही. मग टाकी नुसती वाट होते, एका बाजूने आले ते दुसऱ्या बाजूने गेले. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी ती उपसावी, असे केंद्र सरकारचे मार्गदर्शन सांगते. प्रत्यक्षात घरमालक आठ-दहा वर्षे तिकडे बघत नाही. संडास तुंबला, पाणी उलटे आले की मगच गाडीवाल्याचा नंबर शोधला जातो.

मग ती गाडी येते. टँकरला पंप आणि लांब नळी, बहुधा खासगी, कधी नगरपरिषदेची. टाकी उपसून होते, पैसे दिले जातात, गाडी जाते. कुठे जाते, हे कुणी विचारत नाही. गावाबाहेरचा ओढा, पडीक रान, कचरा डेपोचा कोपरा किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचे वावर. टाकीत वर्षानुवर्षे मुरलेला मैला साध्या सांडपाण्यापेक्षा कित्येक पटींनी तीव्र असतो. या विषयातले अभ्यासक एक हिशेब नेहमी देतात : पाच हजार लिटरची एक गाडी उघड्यावर रिकामी करणे म्हणजे पाच हजार माणसांनी त्या जागी उघड्यावर शौचाला बसणे. हागणदारीमुक्तीचे प्रमाणपत्र नगरपरिषदेच्या भिंतीवर असते आणि पाच हजार माणसांचा तो ऐवज ओढ्याच्या काठावर.

आता भुयारी गटाराकडे वळू. ही योजना वाईट नाही. मोठ्या, दाट, भरपूर पाणी असलेल्या शहराला तिच्यावाचून गत्यंतर नाही. लहान गावाचे गणित मात्र पहिल्याच पायरीवर अडते, आणि अडवणारी गोष्ट पैसा नसून पाणी आहे. केंद्रीय लोकआरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संस्थेच्या पुस्तिकेत पाणीपुरवठ्याचे निकष आहेत. मलनिस्सारण वाहिन्या नसलेल्या गावाला माणशी रोज ७० लिटर, आणि ज्या गावात अशा वाहिन्या आहेत किंवा घालायच्या आहेत तिथे १३५ लिटर. हा फरक लोकांच्या आंघोळीच्या चैनीसाठी नाही. वाहिनीत मैला बसू नये म्हणून पाण्याला सेकंदाला साधारण ०.६ मीटरचा वेग लागतो, आणि तो वेग भरपूर पाणी असल्याखेरीज येत नाही. जिथे नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येते, उन्हाळ्यात आठवड्याने येते, तिथे ही वाहिनी म्हणजे जमिनीखालची लांबलचक मैल्याची टाकी होते आणि तिची चेंबरे उघडायला माणसे लागतात. २०१६ साली ज्या राज्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तिथे हा मुद्दा डीपीआरच्या पहिल्या पानावर असायला हवा. तो सहसा शेवटच्या परिशिष्टातही नसतो.

समजा, गाव तीस हजारांचे आहे. माणशी १३५ लिटर धरून त्याच्या ऐंशी टक्के सांडपाणी, असे गणित मांडले तर रोज साडेबत्तीस लाख लिटरच्या आसपास आकडा येतो. सल्लागार वाढीव लोकसंख्या धरतो आणि शुद्धीकरण केंद्र चार-पाच दशलक्ष लिटरचे ठरते. प्रत्यक्षात नळातून माणशी पन्नास लिटरच येत असतील, तर केंद्रापर्यंत बारा लाख लिटर पोचले तरी पुष्कळ. शिवाय प्रत्येक घराची जोडणी झाली तरच तेवढे. जोडणीसाठी घरमालकाला फरशी फोडावी लागते, खर्च सोसावा लागतो. टाकी चालू असताना तो तसे का करील? उपाशी केंद्रातले जिवाणू नीट वाढत नाहीत, पण हवा फुंकणारा ब्लोअर फिरत राहतो. यांत्रिक केंद्राला एका दशलक्ष लिटरमागे साधारण दीडशे ते दोनशे युनिट वीज लागते. भांडवली खर्चाला अनुदान मिळते. महावितरणचे बिल मात्र नगरपरिषदेच्या नावावर येते, दर महिन्याला.

ही भीती काल्पनिक नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये देशभराचा हिशेब प्रसिद्ध केला. शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते, उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची आहे आणि प्रत्यक्ष शुद्ध होते २०,२३६ दशलक्ष लिटर. पहिल्या दोन आकड्यांमधली दरी सगळे उगाळतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांमधली दरी अधिक बोलकी आहे : जे बांधले त्यातल्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक क्षमता वापरातच नाही. महाराष्ट्रात तयार होणारे सांडपाणी ९,१०७ आणि उभारलेली क्षमता ६,८९० दशलक्ष लिटर. कागदावर हे राज्य पुष्कळांच्या पुढे आहे. तरीही मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५३ एकट्या महाराष्ट्रात होते, आणि २०२२ मध्ये देशाचा आकडा ३११ वर उतरला तेव्हा महाराष्ट्राचा ५५ झाला. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने कचरा आणि सांडपाणी या दोन्ही आघाड्यांवरच्या कसुरीसाठी राज्यावर १२ हजार कोटी रुपयांची भरपाई बसवली.

मग लहान गावाने करावे काय? उत्तर साताऱ्याच्या वाटेवर आहे.

वाई म्हटले की ढोल्या गणपती, कृष्णेचे घाट, विश्वकोशाचे कार्यालय आणि चित्रीकरणासाठी येणारे मुंबईकर, एवढे साऱ्यांना ठाऊक असते. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३६ हजार वस्तीच्या या गावात भुयारी गटार नव्हते. घरोघरी टाक्या होत्या, इतर गावांसारख्याच. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील पाणी व स्वच्छता केंद्राची मदत घेऊन वाई नगरपरिषदेने २०१८ मध्ये एक साधी, पण देशात तोवर फारशी न दिसलेली गोष्ट सुरू केली. टाकी तुंबायची वाट पाहायची नाही. गावाचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाची पाळी ठरवायची आणि तीन वर्षांत गावातली प्रत्येक टाकी एकदा उपसायची. घंटागाडी दारात येते त्यासाठी कुणी अर्ज करत नाही. मैल्याची गाडीही तशीच पाळीने येणार. दारात पैसे मागायचे नाहीत. खर्च मालमत्ता कराबरोबर घेतलेल्या स्वच्छता करातून भागवायचा. काम खासगी कंत्राटदाराचे, पण बिल उपसलेल्या टाक्यांच्या संख्येवर. उपसलेला मैला गावाच्या प्रक्रिया केंद्रातच रिकामा करायचा.

नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरने तोच मार्ग धरला. हे गाव वाईच्या जवळपास दुप्पट, २०११ मध्ये ६५ हजारांचे, आणि औद्योगिक वसाहतीमुळे वाढते. दोन्ही गावांनी केंद्राचे तंत्र मात्र वेगळे निवडले. वाईत मैला यंत्राने वाळवून उच्च तापमानाला जाळण्याची व्यवस्था उभी राहिली, तर सिन्नरने उन्हात वाळवण्याचे वाफे बांधले. या पत्रलेखकाला विचाराल तर बहुतेक गावांनी सिन्नरकडे बघावे. खडी आणि वाळूच्या थरांचा वाफा असतो. त्यावर मैला पसरला की पाणी खाली झिरपते, वरचा गाळ वाऱ्या-उन्हाने वाळतो आणि फावड्याने उचलता येतो. खाली झिरपलेले पाणी गाळणीतून, मग कर्दळ आणि पाणकणसाच्या खडीवाफ्यातून पुढे नेता येते. यात बिघडण्यासारखे थोडे आहे, आणि जे बिघडेल ते गावचा गवंडी किंवा प्लंबर दुरुस्त करू शकतो. पावसाळ्यासाठी वाफ्यांवर पारदर्शक पत्र्याचे छप्पर लागते, ते विसरून चालत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर जागा जास्त लागेल किंवा वेगळा विचार करावा लागेल, हेही खरे.

वाळलेला मैला लगेच शेतात टाकता येत नाही. जंताची अंडी फार चिवट असतात, महिनोन्‌महिने जिवंत राहतात. ओल्या कचऱ्यात मिसळून ढीग चांगला तापला, म्हणजे पन्नास-पंचावन्न अंशांच्या वर काही दिवस राहिला, की ती मरतात. कर्नाटकातल्या देवनहळ्ळीने हेच केले. बंगळुरूच्या विमानतळाशेजारच्या, तीसेक हजार वस्तीच्या त्या गावात २०१५ मध्ये देशातले पहिले गावपातळीवरचे मैला प्रक्रिया केंद्र सुरू झाले, रोज सहा हजार लिटरचे. मैल्याचा बहुतेक प्रवास उतारावरच होतो, त्यामुळे विजेचा खर्च नगण्य. त्या परिसरातले शेतकरी आधीपासूनच गाडीवाल्यांकडून कच्चा मैला वावरात घेत होते. खत म्हणून त्याची किंमत त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. फरक इतकाच झाला की आता तोच माल कुजवून, निर्धोक करून मिळू लागला.

वाई-सिन्नरनंतर राज्याने तीनशेहून अधिक लहान शहरांसाठी अशी केंद्रे उभारायचे ठरवले. आपल्या गावातही बहुधा एखादे असेल, कचरा डेपोच्या कडेला, कुंपण आणि नामफलकासह. तिथे एकदा न कळवता जाऊन यावे. वाफे ओले आहेत की त्यांत गवत उगवले आहे, एवढे पाहिले तरी पुरे. देशभरात अशी केंद्रे क्षमतेपेक्षा खूपच कमी मैल्यावर चालतात, आणि कारण जवळपास सगळीकडे एकच : केंद्र बांधले, गाडीचे वेळापत्रक बांधले नाही. घरमालक बोलावील तेव्हाच गाडी जाणार असेल, तर गाडीवाल्याला दहा किलोमीटर डिझेल जाळून केंद्रावर जाण्यापेक्षा ओढा नेहमीच जवळ पडतो.

वेळापत्रकाचा हिशेब अवघड नाही. समजा, गावात सहा हजार टाक्या आहेत. तीन वर्षांची फेरी धरली तर वर्षाला दोन हजार, म्हणजे कामाच्या दिवसाला सहा-सात. एक गाडी दिवसात तीन-चार टाक्या करू शकते, तेव्हा दोन गाड्या पुरतात. एका उपशाला दीड हजार रुपये खर्च येतो असे मानले, तर घरामागे वर्षाला पाचशेचा कर बसतो. करवाढीचा विषय निघाला की सभागृहात कोण उठून काय बोलेल, हे आपल्याला या पत्रलेखकापेक्षा चांगले ठाऊक आहे. पण आज तोच घरमालक टाकी तुंबल्यावर अडला-नडला म्हणून गाडीवाला सांगेल ती रक्कम एकदम मोजतो, तीही बहुधा सणाच्या किंवा लग्नघराच्या दिवशी. हे सभागृहात सांगता येते.

खरी अडचण दुसरीच आहे, आणि ती कुठल्याच डीपीआरमध्ये येत नाही. टाकीचे झाकण सापडत नाही. जुन्या पेठेत ते जिन्याखाली असते, नव्या वसाहतीत टाइल्सखाली, कुणाकडे तुळशीवृंदावन नेमके त्यावरच बांधलेले. कुठे टाकी भावाभावांच्या वाटणीत दोन घरांखाली गेलेली आणि त्यांच्यात बोलणे बंद. बोळ अशी की गाडी तोंडाशीच थांबते आणि साठ-सत्तर मीटर नळी ओढावी लागते. म्हणून गाड्या खरेदी करण्याआधी घरोघर पाहणी हवी : टाकी कुठे, केवढी, झाकण आहे का, नळी पोचते का, शेवटचा उपसा कधी झाला. हे काम आशाताई आणि बचत गटांच्या महिला चांगले करू शकतात, कारण त्यांना घरात येऊ दिले जाते. आणि इथून पुढे बांधकाम परवानगी देताना झाकण उघडे राहील अशी अट घालायला नगरपरिषदेला कुणाची मंजुरी मागावी लागत नाही.

टाकीत माणूस उतरवायचा नाही. हे वेगळे लिहावे लागते, याचीच शरम वाटते. हाताने मैलासफाईला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने ते गुन्हा ठरवले आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या वारसांना दहा लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. टाकीत साचलेला वायू दोन श्वासांत माणसाला खाली पाडतो, आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. बातम्यांत दोघा-तिघांचे मृत्यू एकत्र येतात ते यामुळे. कंत्राटदाराचा माणूस होता, आमचा नव्हता, हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. वेळेवर उपसलेल्या टाकीतला मैला पातळ असतो, पंपाने निघतो. दहा वर्षे घट्ट झालेला गाळ पंपाला दाद देत नाही आणि मग कुणीतरी म्हणते, जरा खाली उतरून ढवळ. वेळापत्रक हा त्या वाक्यावरचाही उपाय आहे.

राहता राहिले गटारातले पाणी. टाक्या सुधारल्या म्हणून नाला निवळणार नाही, कारण मोरीचे आणि न्हाणीघराचे पाणी त्यातच जाते. इथेही गावभर खोदकाम करण्याआधी नाल्याच्या तोंडाशी पाहावे. बहुतेक लहान गावांत दोन-तीन नालेच सगळे पाणी वाहून नेतात. ते नदीला मिळण्याआधी अडवून वळवायचे, गाळ बसवायचा आणि तळ्यांच्या किंवा वनस्पतींच्या वाफ्यांच्या साखळीतून सोडायचे, हे विजेविना किंवा थोड्या विजेत होऊ शकते. जागा मात्र लागते, आणि लहान गावाकडे मोठ्या शहरापेक्षा जास्त असलेली ती एकमेव गोष्ट आहे. लेआउटमध्ये जायच्या आत ती राखून ठेवावी. हरित लवादाने २०१९ मध्ये शुद्ध केलेल्या पाण्याचे निकष फार कडक केले. २०१७ च्या अधिसूचनेत लहान शहरांना जैविक ऑक्सिजन मागणीची, म्हणजे पाण्यातल्या घाणीच्या मापाची, मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम होती, ती लवादाने १० वर आणली. हा आकडा दाखवून सल्लागार महागडे यंत्र पुढे करील. त्याला एक प्रश्न विचारावा : पाणी नदीत न सोडता नाल्याकाठच्या शेतकऱ्याच्या चाऱ्याला आणि उसाला दिले तर? आजही तो शेतकरी नाल्यात मोटर टाकूनच बसलेला आहे.

पैशाची वाट बंद नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात एक लाखाखालच्या शहरांसाठी वापरलेल्या पाण्याच्या व्यवस्थापनाचा स्वतंत्र भाग आहे. पंधराव्या वित्त आयोगाने लहान शहरांच्या अनुदानातला साठ टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिला होता. हेतूही कमी नाही. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत देशातले पहिले तिन्ही क्रमांक कऱ्हाड, सासवड आणि लोणावळा यांनी घेतले. जी गावे झाडलोटीत देशाला मागे टाकतात, त्यांना टाक्यांचे वेळापत्रक जड जाण्याचे कारण दिसत नाही.

आणि हे काम टाळले तर काय होते, ते इचलकरंजीने २०१२ च्या उन्हाळ्यात पाहिले. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, काविळीचे हजारो रुग्ण निघाले, अनेक जण दगावले. गर्भवती बाईला या काविळीचा धोका सर्वांत जास्त असतो. गटारातून गेलेली नळाची जोडणी आपल्या गावात किती घरांना आहे, हा आकडा पाणीपुरवठा विभागाकडून लेखी मागवावा.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर भुयारी गटाराच्या आधी तीन विषय यावेत : टाक्यांची घरोघर पाहणी, तीन वर्षांच्या उपशाचे वेळापत्रक आणि त्यासाठीचा स्वच्छता कर. स्वच्छता कराचा ठराव वाई आणि सिन्नरच्या दप्तरात असेल. तो मागवायला एक पत्र पुरते. मुख्याधिकारी बदलून गेले तरी वेळापत्रक चालू राहावे म्हणून ते ठरावातच घातलेले बरे. आणि पाहणीची सुरुवात नगराध्यक्षांच्या स्वतःच्या घरापासून झाली, तर झाकण न सापडल्याची पहिली नोंद बहुधा तिथलीच होईल.

कळावे,

एक करदाता